माथेरानची दक्षिण फेरी पळत करायची आहे : दिशा, बूट, पाणी, घोडे?

पळता_भुई

जानेवारीतल्या एका शनिवारी-रविवारी माथेरानला मुक्काम आहे. आम्ही दोघं पंचेचाळिशीच्या आसपासचे, डांबरी रस्त्यावर १० किमी, किलोमीटरला ६:४५ मिनिटं या वेगाने पळतो. कच्च्या वाटेचा सराव नाही. बाजारपेठेतून निघून अलेक्झांडर, रामबाग, चौक पॉइंट, वन ट्री हिल, शारलोट लेक, एको, लुईझा करून परत बाजारात, अशी गोल फेरी डोक्यात आहे. प्रश्न असे :

१. अंतर नेमकं किती? नेटवर ८ पासून १४ किमीपर्यंत काहीही दिसतं.
२. आधी पूर्वेची कड घ्यावी की पश्चिमेची?
३. रस्त्यावरचे बूट चालतील का?
४. वाटेत पाणी मिळतं का?
५. घोड्यांचं काय करायचं?

शिवाय जाता जाता पाहण्यासारखं जुनं काय आहे तेही सांगा. सोबतची मंडळी चालत येणार आहेत, त्यांची आणि आमची गाठ कुठे पडावी?

---

जांभा_माती

अंतराचा घोळ दोन कारणांनी होतो. एक म्हणजे प्रत्येक पॉइंट मुख्य वाटेला फुटलेलं टोक आहे. टोकापर्यंत जाऊन परत आलात तर दर पॉइंटला दीड-दोनशे ते चारेकशे मीटर वाढतात, आणि सात-आठ पॉइंट म्हणजे बघा किती झाले. दुसरं म्हणजे वरचं झाडांचं छत. अंजनी, जांभूळ, पिसा यांची सदाहरित झाडी इतकी दाट आहे की घड्याळाचा जीपीएस वाट सोडून भरकटतो आणि अंतर कमी-जास्त दाखवतो. मुख्य वाट धरून, टोकं गाळून १० किमीच्या आसपास धरा. सगळी टोकं घेतलीत तर १२ च्या पुढे. दोघांच्या घड्याळांत अर्ध्या किलोमीटरचा फरक पडला तर भांडू नका.

दिशा : घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. म्हणजे पूर्वेच्या कडेने दक्षिणेला उतरायचं, चौक पॉइंटला वळायचं आणि पश्चिमेच्या कडेने वर यायचं. कारण उजेड. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि झाडीखाली त्यानंतरही वीसेक मिनिटं अंधूक असतं. पूर्वेच्या कडेला उजेड आधी पोचतो, त्यामुळे मुळं आणि दगड दिसतात. तुम्ही पश्चिमेला याल तोवर तिकडेही नीट दिसायला लागलेलं असतं, पण ऊन अजून अंगावर आलेलं नसतं.

या दिशेचा आणखी एक फायदा, आणि नवख्यासाठी हाच मोठा : दरी सतत डाव्या हाताला राहते. माथेरानात आडव्या-तिडव्या वाटा पुष्कळ, बंगल्यांच्या फाटकांकडे जाणाऱ्याही त्यातच. पाट्या आहेत, पण प्रत्येक फाट्यावर नाहीत. दोन वाटा फुटल्या आणि पाटी दिसली नाही तर डावीकडची घ्या. फार तर एखाद्या पॉइंटवर जाऊन थांबाल आणि परत फिराल. दमलात, पाय दुखला, फेरी आवरती घ्यायची झाली तर उजवीकडच्या मोठ्या वाटेला लागा, ती गावाकडे आणते. पश्चिमेकडून सुरुवात केली की हे सगळं उलटं होतं आणि लोक रामबागेच्या आसपास चकतात.

वेळ : पावणेसात ते सातच्या दरम्यान निघा. टपऱ्या आणि घोडे साडेआठ-नऊनंतर जोरात सुरू होतात. तुमचा ६:४५ चा वेग इथे विसरा. किलोमीटरमागे सव्वा ते दीड मिनिट जास्त धरलंत तरी फोटो आणि चढ मिळून दीड तास लागतो.

भूप्रदेश थोडक्यात :

बाजार ते अलेक्झांडर : रुंद लाल वाट, सौम्य चढ-उतार. अंग गरम करायला हाच टप्पा, इथे जोर लावू नका.

अलेक्झांडर ते रामबाग ते लिटल चौक : सगळ्यात पळण्याजोगा भाग. झाडी दाट, वाट मऊ. मुळं मात्र वाटेला आडवी.

चौक पॉइंट : डोंगराचं दक्षिण टोक. शेवटचा भाग उघडा, मुरमाड. टोकाकडे चालत जा.

वन ट्री हिल आणि बेलवेडिअर : उतार, पायऱ्या, सुटे दगड. पळणाऱ्यांच्या पडापडीची जागा हीच. वन ट्री हिलची टेकडी मुख्य डोंगरापासून खिंडीने तुटलेली आहे. खिंडीत उतरून त्या टेकडीवर चढायचं या फेरीत मनात आणू नका.

शारलोट लेक ते एको ते लुईझा : वाट रुंद, पण माणसं, टपऱ्या, माकडं. नऊनंतर इथे पळणं म्हणजे जत्रेत पळणं.

लुईझा ते बाजार : बऱ्यापैकी चढ. पाय संपलेले असतात, तेव्हा चालायची लाज धरू नका.

पॅनोरमा पॉइंट यात बसत नाही. तो उत्तरेला आहे, वेगळ्या दिवशी जाऊन-येऊन करा.

---

उलटा_फेरा

दिशेबद्दल असहमत, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरतं. घड्याळाच्या दिशेने गेलं की वन ट्री हिलचा खराब भाग सहा-सात किलोमीटरनंतर येतो, पाय जड झालेले असताना. उलट दिशेने गेलात तर लुईझा, एको, शारलोट अगदी पहाटे रिकामे मिळतात, खराब टप्पा ताज्या पायांनी होतो आणि शेवटी रामबागेचा मऊ भाग उरतो. उजेडासाठी कपाळावरचा दिवा लावायचा, प्रश्न मिटला.

---

जांभा_माती

@उलटा_फेरा, ताज्या पायांचा मुद्दा बरोबर आहे. पण यांना कच्च्या वाटेचा सराव नाही. दिव्याच्या उजेडात मुळं सपाट दिसतात, कारण दिवा डोळ्यांच्याच रेषेत असतो आणि सावली पडत नाही. दिवा कमरेला बांधला तर सावली पडते आणि उंचवटा कळतो, हे त्यांना आधी शिकावं लागेल. सरावलेल्यांनी खुशाल उलटं जावं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी काट्यांच्या दिशेने जावं आणि वन ट्री हिलचा भाग चालत काढावा. पाचेक मिनिटं जातील, घोटा वाचेल.

---

टापा

घोड्यांचं नीट लिहितो, कारण पळणारे इथेच चुकतात आणि मग घोडेवाल्यांशी हुज्जत घालतात.

माथेरानात पर्यटक, सामान, गॅसचे सिलिंडर, बांधकामाची वाळू, सगळं घोड्यावर. वाट त्यांची आधी, आपली नंतर. घोड्याला थेट मागचं दिसत नाही. मागून पावलांचा धपधप आवाज जवळ येतो आणि माणूस दिसत नाही, एवढं झालं की तो बिचकतो. बिचकला तर लाथ मारेल किंवा पुढे उधळेल. वर पहिल्यांदाच घोड्यावर बसलेलं लेकरू असलं की काय होईल ते सांगायला नको.

मागून गाठताना : पंधरा-वीस मीटरवरून बोला. "मामा, मागून येतोय" एवढं पुरे. घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा असतो, पावलांचा नसतो. धावणं थांबवून चाला. घोडेवाला लगाम आखडून घोडा बाजूला घेतो, मान हलवतो, मग डोंगराच्या बाजूने पुढे जा. काट्यांच्या दिशेने फिरत असाल तर डोंगर उजव्या हाताला असतो. दरीच्या आणि घोड्याच्या मध्ये कधीही शिरू नका. घोडा सरकला तर तुम्हाला जागा उरत नाही. मागच्या पायांपासून तीनेक मीटर अंतर ठेवा. पुढे गेल्यावर लगेच सुसाट सुटू नका, आणखी पंधरा मीटर चाला.

समोरून येताना : थांबा, डोंगराच्या बाजूला सरका, त्यांना जाऊ द्या. ओळीने चार-पाच घोडे असतील तर शेवटचा जाईपर्यंत थांबा. पहिला शांत गेला म्हणून चौथाही शांत जाईल असं नाही.

कानात हेडफोन नको. घुंगरांचा आणि टापांचा आवाज वळणाआड ऐकू येतो, तेवढीच पूर्वसूचना असते. फडफडणारं जाकीट कमरेला बांधून पळू नका, घोड्यांना ते अजिबात खपत नाही. कपाळावरचा दिवा असेल तर घोडा दिसताच खाली वळवा.

माकडांबद्दल एकच : हातात काही दिसू देऊ नका. केळं, चिक्की, प्लॅस्टिकची पिशवी, रंगीत सरबताची बाटली. पिशवीचा कुरकुर आवाज म्हणजे खाणं, हे लाल तोंडाच्या माकडांना पाठ आहे. बाटली धरलीच तर ओढाओढी करू नका, सोडून द्या. बाटलीला पैसे पडतात, चाव्याला रेबीजच्या लशीचा पूर्ण कोर्स.

---

घोटा_गुडघा

बूट आणि दुखापती यावर.

जानेवारीत वाट कोरडी असते, त्यामुळे रस्त्यावरचे बूट चालतात. पण तळ गुळगुळीत झालेले नकोत. माथेरानची जमीन जांभ्याची. जांभा झिजला की वाटाण्याएवढे गोल खडे सुटतात आणि टणक थरावर पसरतात. उतारावर बूट खड्यांवरून घसरतो, खडे जमिनीवरून. म्हणून तीन-चार मिलिमीटर खाचांचा तळ असला तर बरं. खाच त्याहून खोल नको, कारण दस्तुरी (गाड्या जिथे थांबतात तो नाका) ते गाव या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांवर खोल खाचांचा बूट टोचतो. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी ब्लॉकवर पळूच नये, बाजूची माती मिळेल तिथे ती धरावी.

उशी फार जाड असलेले उंच बूट टाळा. मुळावर पाय तिरका पडला की उंच तळ घोटा जास्त वळवतो. इथली मुरगळ बहुधा अशी होते : उतार, वाळलेला पाला, पाल्याखाली बोटाएवढं जाड मूळ, आणि टाच मुळाच्या मागच्या बाजूला. उपाय म्हणजे पावलं लहान आणि भरभर. नजर बुटांवर नको, तीन-चार मीटर पुढे हवी. पाल्याचा ढीग दिसला तर त्यावरून न जाता शेजारच्या उघड्या मातीवर पाय टाका. मूळ ओलांडून जा, मुळावर पाय देऊ नका. सावलीत दव पडलेलं असतं आणि साल निघालेलं मूळ साबणासारखं निसटतं.

मोजे गडद रंगाचे घाला. पांढऱ्यांचे कायमचे विटकरी होतात.

पडलात आणि खरचटलं, तर हा भाग नीट वाचा. त्या लाल धुळीत घोड्यांची वाळलेली लीद मिसळलेली असते, आणि धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत असतात. जखम लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, माती निघेपर्यंत. नुसतं पुसून वर पट्टी चिकटवू नका, माती आत राहते. मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर दुसरं घ्यावं लागतं. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.

मुरगळला तर पुढचा प्रश्न परत येण्याचा. आतल्या पॉइंटांवर रिक्षा, गाडी बोलवता येत नाही. चौक पॉइंटला घोटा गेला तर घोडा किंवा कुणाचा तरी खांदा. म्हणून पाचशे रुपये रोख, लवचीक पट्टी, फोन पूर्ण चार्ज. नेटवर्क दक्षिण टोकाकडे आणि झाडीत येत-जात असतं, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा आणि गावात कुणाला तरी परतीची वेळ सांगून निघा.

---

पळता_भुई

भरपूर मिळालं. काट्यांच्या दिशेनेच जाऊ. पाण्याचं राहिलं. आणि समजा हीच फेरी जूनमध्ये केली तर?

---

जांभा_माती

पाणी : सकाळी नऊच्या आत वाटेत काही मिळेल असं धरू नका. थंडीत माणशी अर्धा लिटर पुरतं, एप्रिल-मेमध्ये एक लिटर आणि चिमूटभर मीठ-साखर. शारलोट लेकचं पाणी तोंडाला लावू नका, तो गावाचा पाणीसाठा आहे. त्यात हातपाय धुणंही बरं नव्हे. परत बाजारात आलात की लिंबू सरबत आहेच.

आता जून. पहिल्या एक-दोन पावसांनंतर धूळ बसते, वाट मऊ होते, तेवढे चार दिवस पळायला उत्तम. पुढे जुलै-ऑगस्टला मी तरी नाही म्हणेन. जांभ्यावर शेवाळ धरतं, पेव्हर ब्लॉकवरही. धुकं आलं की दहा मीटरवरचं दिसत नाही आणि पॉइंटांच्या कड्यांना सगळीकडे कठडे नाहीत. वाऱ्याने फांद्या पडतात. हिरवा चापडा साप याच दिवसांत झुडपांवर आणि वाटेकडेच्या फांद्यांवर बसलेला असतो, पानांत दिसतच नाही. तोल सावरायला फांदी धरण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. पावसाळ्यात पळायचंच असेल तर गावातल्या रुंद वाटांवर आणि शारलोटपर्यंत, कडेच्या वाटांवर नाही.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबर हा खरा हंगाम. झाडी हिरवी, धूळ कमी. दिवाळीचा आठवडा आणि ३१ डिसेंबर सोडून.

---

चौक_वाट

जुन्या गोष्टी, तुमच्या फेरीच्या क्रमाने.

बाजाराजवळच स्टेशन. नेरळ-माथेरान गाडी १९०७ ची, आदमजी पीरभॉय घराण्याने बांधलेली. रुळांमधलं अंतर दोन फूट. डोंगर चढायला दातेरी रूळ नाहीत, नुसती वळणं घेत गाडी वर येते. रुळांमधून पळायचा मोह काहींना होतो, कारण चढ सौम्य आहे. करू नका : स्लीपरमधलं अंतर पावलाला जुळत नाही, आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनची शटल दिवसभर येत-जात असते.

माथेरान हे हुतात्मा भाई कोतवाल यांचं जन्मगाव. १९१२ चा जन्म; बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहून विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता त्यांचा. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात गेले. जानेवारीत येताय म्हणून मुद्दाम सांगितलं.

रामबाग आणि चौक पॉइंट : नावातला चौक म्हणजे खाली दक्षिणेला असलेलं चौक गाव. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकला तळ देऊन होता, तिथूनच तो वर चढला आणि माथेरान सरकारदरबारी ठाऊक झालं. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना आणि धनगरांना ते आधीपासून ठाऊक होतंच, ही गोष्ट इंग्रजी पाट्यांवर सापडायची नाही. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने इथे बंगला बांधला आणि मुंबईची बडी मंडळी मागोमाग आली. जांभ्याचे चिरे, खोल व्हरांडे, उतरती छपरं असलेले जुने बंगले झाडीतून दिसतात. फाटकं खासगी आहेत, आत शिरू नका.

चौक पॉइंटवरून समोर इर्शाळगड. वन ट्री हिलवरून पश्चिमेला प्रबळगड, आणि खाली उतरणारी खडी घळ म्हणजे शिवाजीची शिडी. नावावरून इतिहास रचू नये, पण वाट जुनी, गावकऱ्यांच्या वापरातली. ती ट्रेकरांची वाट आहे, पळणाऱ्यांची नव्हे.

शारलोट लेकच्या काठी पिसारनाथाचं मंदिर, माथेरानचं ग्रामदैवत. लहानसं, झाडीत. चप्पल-बूट काढून दोन मिनिटं थांबा, मग पुढे. तुमच्या चालणाऱ्या मंडळींची गाठ इथेच पाडा : बाजारातून शारलोटला थेट मधली वाट आहे, अर्ध्या तासात आरामात पोचतात. तुम्ही सातला निघालात तर सव्वाआठच्या सुमारास इथे असाल, त्यांनी पावणेआठला निघावं.

लुईझावरून प्रबळगड आणि कलावंतीणचा सुळका सकाळच्या उजेडात स्वच्छ दिसतो. पश्चिमेचे पॉइंट सूर्यास्तासाठी गाजलेत, पण प्रबळगडाच्या त्या कड्यावर ऊन सकाळीच पडतं आणि खडकाचे थर मोजता येतात.

झाडीत मान वर करून शेकरू शोधा. आधी मोठा कडकडाट ऐकू येतो, मग तपकिरी शेपटी दिसते. शोधताना थांबा, पळत वर बघू नका.

---

उलटा_फेरा

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

नेरळ_लोकल

पोचण्याचं : मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर नेरळला उतरा, स्टेशनबाहेरून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत. स्वतःची गाडी असली तरी तीही दस्तुरीलाच ठेवायची, पुढे रुग्णवाहिका आणि अग्निशमन सोडून मोटारगाडी जात नाही. नाक्यावर माथेरान गिरिस्थान नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो, सुटे ठेवा. तिथून बाजार अडीच-तीन किलोमीटर : चालत, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉजहून शटलने. सामान घेऊन चालणार असाल तर तेवढंच आदल्या दिवशीचं अंग मोकळं होतं, पण पळायच्या दिवशी एका दिवसात मुंबईहून येऊन-जाऊन करू नका. पहिल्या लोकलने निघूनही दस्तुरीला पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि शारलोटला गर्दीत सापडाल.

---

पळता_भुई

शुक्रवारी रात्रीच येतोय. ई-रिक्षा रात्री मिळते का?

---

नेरळ_लोकल

उशिरा मिळेल यावर विसंबू नका. हॉटेलवाल्याला पोचायची वेळ आधी कळवा, ते हमाल पाठवतात. बॅग त्याच्याकडे द्या, दर आधी ठरवा, टॉर्च हातात ठेवा आणि चालत या.